डाव्या कोपऱ्यातला कॅच

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजचं मैदान आता निम्मंच उरलंय. अर्ध्या भागावर सिमेंट ओतून गाड्या लावायची सोय केलीय. परवा एका परीक्षेच्या ड्युटीसाठी साताऱ्याहून तिथं गेले होते. मी साताऱ्यातल्या एका शाळेत पीटीची बाई. सकाळचा पेपर संपला, गठ्ठे सील झाले, आणि पाय आपसूक इमारतीच्या मागं वळले. उरलेल्या मैदानावर कुणीतरी नुकतंच पाणी मारलं होतं. मुरमाचा तो ओला, लोखंडासारखा वास नाकात गेला. सरावाच्या सकाळी यायचा तसा.

ह्याच मुरमावर आम्हाला तो चेंडू पहिल्यांदा दिसला. आमच्या खेळाच्या सरांनी पुण्याहून पोत्यात घालून सहा चेंडू आणले होते. दोन्हीकडून निमुळते, तपकिरी, वर दोरीची शिवण. मुलींनी तोंडाला ओढण्या लावल्या. "सर, ह्यो नारळ हाय का पपई?" असं मागून कुणीतरी विचारलं. सर हसले नाहीत. म्हणाले, अमेरिकेत ह्या चेंडूसाठी माणसं हाडं मोडून घेतात. आपण त्याचा सौम्य प्रकार खेळायचा. धक्काबुक्की नाही. कमरेला दोन्ही बाजूंना कापडी पट्ट्या बांधायच्या. पट्टी ओढली गेली की खेळाडू जागच्या जागी थांबला. एकीनं चेंडू फेकायचा, बाकीच्यांनी पळत जाऊन तो हवेतच झेलायचा आणि समोरची रेषा ओलांडायची, की सहा गुण. झेलणारीला म्हणायचं रिसीव्हर.

मी भाला फेकायचे, म्हणून सरांनी चेंडू माझ्या हातात दिला. भाल्यासारखाच फेकला. तो वेडावाकडा भिरभिरत वर गेला, सगळ्या जणी माना वर करून बघत राहिल्या. एकच मुलगी पळत सुटली. सहा महिन्यांपूर्वी वडूजकडून आलेली, चारशे मीटर पळणारी, हॉस्टेलात कुणाशी फारसं न बोलणारी रेणू. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. नुसते हात पुढं केले आणि चेंडू तिच्या खांद्यावरून येऊन तळव्यात बसला, जणू तिथंच ठेवलेला होता.

"तुला कसं कळलं कुठं पडणार ते?" मी धापा टाकत विचारलं.

"कळायचं काय त्यात?" ती म्हणाली. "घरी कडब्याची गंज रचताना आबा खालनं पेंढ्या फेकत्यात. मी वर उभी असती. एक धरूस्तवर दुसरी येती. बघत बसलं तर तोंडावर येती की."

तिच्या हातांवर खरंच बारीक पांढऱ्या रेघा होत्या, कडब्यानं ओरखडलेल्या. तिचे आबा मेंढरंवाले. पाऊसकाळ संपला की कळप घेऊन बाहेर पडायचे ते पुढच्या पावसाच्या तोंडावर घरी. चार एकर माळरान होतं, त्यात ज्वारी यायची नाहीतर यायची नाही. रेणूच्या कपड्यांना, वह्यांना, गोधडीला लोकरीचा आणि धुराचा एक उबट वास होता. पहिल्या वर्षी खोलीतल्या मुली त्या वासावरून कुजबुजायच्या. तिसऱ्या वर्षी त्याच मुली तिच्याबरोबर फोटो काढायला रांगेत असायच्या.

मधली ती दोन वर्षं मला सलग आठवत नाहीत, तुकडे आठवतात. हिवाळ्यातली सहाची वेळ, उसाच्या फडांवरून येणारं धुकं, त्यात दहा पावलांवरची रेणू दिसायची नाही, नुसता तिच्या बुटांचा आवाज. त्या आवाजावर मी चेंडू टाकायचे. पुढं एक क्षण काहीच नाही. मग चेंडू तळव्यावर आपटल्याचा 'थप'. त्या एका क्षणात माझा श्वास अडकलेला असायचा. रोज, शंभर वेळा. पाठोपाठ गुऱ्हाळाकडून रसाचा वास यायचा आणि आमच्या पोटात कावळे ओरडायला लागायचे. मेसमध्ये ती पोळीला हात लावायची नाही. घरून आलेली कडक भाकरी पाण्यात बुडवून, लसणाच्या चटणीबरोबर खायची आणि अर्धी माझ्या ताटात टाकायची.

आधी जिल्हा, मग राज्य, मग बाहेरची राज्यं. कुठंही गेलो तरी दुसऱ्या दिवसापर्यंत समोरच्या संघाला कळलेलं असायचं की ह्या लुकड्या मुलीवर दोघी ठेवाव्या लागतात. एकदा तिनं एका हातानं घेतलेला कॅच कुणीतरी मोबाईलवर टिपला आणि तो सगळीकडं फिरला. वडूजच्या एसटी स्टँडसमोर तिचा फ्लेक्स लागला. आबांनी तो पाहिला आणि म्हणाले, "फटू चांगला हाय. पर पोरगी हितं कवा येनार?"

तिसऱ्या वर्षी भारताच्या संघाची निवड चाचणी ठरली, आणि ती साताऱ्यात. निवडलेला संघ थायलंडला जाणार होता. आमच्या दोघींकडंही पासपोर्ट नव्हते. आम्ही सांगलीच्या पेठेत जाऊन पासपोर्टचे फोटो काढले. फोटोवाल्यानं हसू नका म्हणून सांगितलं, तर रेणूला हसू आवरेना. चौथ्या फोटोला ती गंभीर झाली. तो फोटो अजून माझ्याकडं आहे. त्यात ती घाबरलेली दिसते.

चाचणीला दहा दिवस उरले असताना, सरावाच्या शेवटच्या फेरीत रेणू वळली आणि खाली बसली. पडली नाही, नुसती बसली. मी जवळ गेले तर गुडघा दोन्ही हातांनी गच्च धरून होती.

"काय झालं?"

"काय न्हाई. टक वाजलं."

"वाजलं म्हणजे?"

"म्हंजे वाजलं. दे हात."

उठली, चार पावलं नीट टाकली. पाचव्या पावलाला तिचा ओठ दाताखाली गेला. सर पलीकडं धाकट्या मुलींना शिकवत होते. मी त्यांच्याकडं पाहिलं, तशी तिनं माझं मनगट पकडलं. तिची पकड कशी होती ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

"सांगितलंस तर तुजी माजी मैत्री संपली. धा दिवसं. नुसती धा दिवसं गप बस."

मी गप्प बसले.

त्या दहा दिवसांची चव अजून जिभेवर आहे. सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठून गरम पाण्याच्या बाटलीनं गुडघा शेकायची. खोलीभर दुखण्यावरच्या मलमाचा झोंबरा वास. तो लपवायला ती उदबत्ती लावायची, आणि खोलीतल्या मुली म्हणायच्या, रेणू चाचणीसाठी देव पाण्यात घालून बसलीय. सरावात ती पळायची, पण उजव्या बाजूनं वळायची. डावा पाय ती जमिनीला उसना दिल्यासारखा टेकवायची. सरांना दिसू नये म्हणून मी चेंडू उजवीकडंच टाकायचे. आम्ही दोघींनी मिळून एक खोटा सराव रचला होता आणि तो इतका छान जमला की सर म्हणाले, "आता फक्त टिकवा."

फक्त माझ्या वडिलांना फसवता आलं नाही. ते मिरजेत एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. चाचणीच्या आधीच्या रविवारी रेणूला घेऊन घरी जेवायला गेले होते. आईनं सुकटीची चटणी केली होती, वास खालच्या जिन्यापर्यंत आला होता. पप्पा दारात उभे राहून आम्हाला वर येताना पाहत होते. रेणू प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय ठेवत होती, मग डावा त्याच पायरीवर आणत होती.

जेवणं झाली. रेणू हात धुवायला गेली तेव्हा पप्पा हळूच म्हणाले, "हिचा गुडघा दाखवून घे."

"मुरगळलाय नुसता, पप्पा."

"मुरगळलेला माणूस पायरी अशी चढत नाही."

"चाचणी झाली की दाखवू."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली मी बसले होते. खोटं बोलायला त्या घरातली ती सगळ्यात वाईट जागा. "तुला माहीत असेल तर तू जबाबदार आहेस," एवढंच ते म्हणाले आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

साताऱ्यातल्या त्या मैदानावरून समोर अजिंक्यतारा दिसतो. चाचणीच्या दिवशी त्याच्याकडून वारा होता. मंडपात तीन निवडकर्ते फायली घेऊन बसले होते. त्यातल्या बाईंनी गॉगल लावला होता, त्यामुळं त्या कुणाकडं बघतायत ते कळत नव्हतं. दिवसभरात रेणूला मी पाच चेंडू टाकले, पाचही जवळचे, पाचही तिनं घेतले. प्रत्येक वेळी ती उठून उभी राहायची आणि माझ्याकडं बघून मान हलवायची. चालू दे. तिच्या कपाळावर घाम होता, आणि तो पळण्याचा नव्हता, ते मला कळत होतं.

शेवटचा सामना, शेवटचा प्रयत्न. आम्ही चार गुणांनी मागं होतो आणि रेषा पंचवीस पावलांवर. आमच्या संघातली इस्लामपूरची पूजा मधल्या पट्ट्यात दहा पावलांवर पूर्ण मोकळी होती. तिच्यासमोर रेषेपर्यंत रिकामं मैदान. तिला साधा, सरळ चेंडू दिला असता तर ती चालत जाऊन रेषा ओलांडू शकली असती. रेणू लांब डाव्या कोपऱ्याकडं पळत होती. डाव्या. जिथं वळायला तो पाय लागणार होता. तिच्या दोन्ही अंगांना समोरच्या संघातल्या दोघी होत्या.

मला पूजा आणि रेणू दोघीही दिसत होत्या. हे मी इथं स्पष्ट लिहिते, कारण पुढं कितीतरी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की रेणूनं हात वर केला म्हणून मी चेंडू तिला दिला. सरांना हेच सांगितलं. आबांना हेच. पप्पांनाही हेच. तिनं हात वर केला होता हे खरं आहे. पण त्याच्या आधी मी मंडपाकडं पाहिलं होतं. गॉगलवाल्या बाई पुढं झुकल्या होत्या. दहा पावलांचा चेंडू तर कुणीही टाकतं. तिचा हात वर जायच्या आधीच माझा खांदा मागं गेला होता.

चेंडू वाऱ्यात चढला. मला वाटलं होतं त्याहून हातभर उंच. दोघी मुली थांबल्या, त्यांना कळलं की तो बाहेर जाणार. रेणू थांबली नाही. तिनं डावा पाय रोवला आणि उडाली. मी आयुष्यात एवढं सुंदर काही पाहिलेलं नाही. पाठीची कमान, मागं गेलेली वेणी, आणि दहा बोटांच्या टोकांवर तो चेंडू. मग ती खाली आली. गुडघ्याचा आवाज मला पंचवीस पावलांवरून ऐकू आला, असं मला वाटतं. सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी मला ऐकू आला.

ती चेंडू पोटाशी धरून कुशीवर पडली होती. स्ट्रेचर आलं तरी सोडेना. सरांनी बोटं एकेक करून सोडवली.

मिरजेत एक्स-रे पप्पांनीच काढला. नंतर मोठी तपासणी झाली, गुडघ्यातलं लिगामेंट पार तुटलं होतं, ऑपरेशन ठरलं. पप्पांनी फिल्म उजेडासमोर धरली. मग त्यांनी फक्त विचारलं, "किती दिवस आधीपासून दुखत होता?" त्यानंतर जवळजवळ पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

यादी लागली. माझं नाव होतं.

वॉर्डात फिनाईलचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या मेथीचा वास होता. तिच्या उशाशी आबा उकिडवे बसले होते, खांद्यावर घोंगडं. कळप भावकीच्या हवाली करून आले होते. मला बघून ते उठले, "बस पोरी," म्हणाले आणि बाहेर गेले. मी बसले.

"जानार न्हवं?" रेणूनं विचारलं.

"तू नाहीस तर..."

"येड्यावानी करू नगं. पासपोर्ट आला का?"

"आला."

"फटू दावलास का कुनाला? मी हसलेली हाय त्यात का गंभीर?"

तो माझा पासपोर्ट होता, तिचा नव्हे. औषधाच्या गुंगीत तिला दोन्ही एकच वाटत होते. मी म्हटलं, "गंभीर." ती डोळे मिटून म्हणाली, "बरं झालं." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

थायलंडची मला फारच थोडी आठवण आहे. दमट हवा, गवती चहासारखा वास, आणि झेलणाऱ्या अनोळखी मुली. चांगल्या होत्या. पण चेंडू टाकल्यानंतरचा तो रिकामा क्षण आता वेगळा झाला होता. पूर्वी त्यात धाकधूक असायची, आता नुसती भीती होती. आम्ही सगळे सामने हरलो. परत आले ती चेंडू खाली ठेवूनच. बीपीएड केलं, नोकरी धरली.

रेणू परत उभी राहिली. अकरा महिन्यांनी. हे मी पेपरात वाचलं. पुढच्या निवडीत तिचं नाव होतं, त्याच्या पुढच्याही. दोन हंगाम ती देशासाठी खेळली. फोनवर लागणारं ते अडखळतं प्रक्षेपण मी शाळेच्या स्टाफरूममध्ये एकटी बसून पाहायचे. चेंडू हवेत गेला की मी डोळे मिटून घ्यायचे आणि समालोचक ओरडला की उघडायचे. ती अजूनही तशीच उडायची, पण आता उजव्या पायावर उतरायची. एवढासा तो फरक. जगात तो फक्त मला आणि तिलाच दिसत असणार. आम्ही सणासुदीला फोन करायचो, तब्येतीचं विचारायचो. मग एक दिवस तिनं खेळ सोडला. का, ते मी विचारलं नाही. मला विचारायचा हक्क नाही असं वाटायचं.

परवा मैदानावरून निघाले, ती साताऱ्याला परतायला कराडच्या गाडीत बसायचं सोडून विट्याच्या गाडीत बसले. तिथून वडूज. वाटेत डाळिंबाच्या बागा, मग माळ, मग नुसतं आभाळ. स्टँडवरून रिक्षा केली. दुपार टळत होती.

रेणू अंगणाच्या कडेला मेंढरांना जंताचं औषध पाजत होती. हातात औषधाची मोठी पिचकारी, मेंढी दोन गुडघ्यांत आवळलेली. साडी वर खोचलेली, त्यामुळं डाव्या गुडघ्यावरचा लांब पांढरा वण उन्हात चमकत होता. मला बघून तिला आश्चर्य वाटलं असेल, पण दाखवलं नाही.

"आलीस व्हय? बरं झालं. आबास्नी आता वाकाय जमत न्हाई, आमचं मालक बाजाराला गेल्यात. चप्पल काढ आन एकेक धरून आन."

मी पर्स ओट्यावर ठेवली आणि मेंढरं धरून आणू लागले. ती तोंड उघडायची, पिचकारी दाबायची, सोडायची. औषध पाजलेलं मेंढरू शिंकरत दुसऱ्या बाजूला पळायचं. आठ-दहा झाली. माझे हात लोकरीनं तेलकट झाले. अकराव्या मेंढीला मी शिंगाला धरलं आणि सोडलंच नाही.

"रेणू, मी खोटं बोललेय."

"कशात?"

"साताऱ्याला. शेवटचा चेंडू. तू हात वर केलास म्हणून टाकला असं मी सगळ्यांना सांगितलं. तसं नव्हतं. पूजा मोकळी होती. मला दिसत होती. त्या बाई बघत होत्या, म्हणून मी लांब टाकला. तुझ्या हाताच्या आधीच."

ती मेंढीच्या जबड्यात अंगठा घालून थांबली. मग पिचकारी दाबली, मेंढी सोडली, आणि तोंडावरचा घाम कोपरानं पुसला.

"म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"पळनारीला फेकनारीचा खांदा दिसतो. तुजा खांदा गेला, मला दिसला, म्हनून मी हात वर केला. न्हाईतर कशाला करीन? पाय तर पेटल्याला हुता."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं?" तिचा आवाज आता चढला. "चेंडू उंच हुता. हातभर उंच. त्या दोघी थांबल्या, मीबी थांबली असती. वरच कळलं हुतं मला, खाली गेल्यावर काय हुनार ते. सोडला असता तर गुडघा वाचला असता. न्हाई सोडला. तू टाकलास म्हनून न्हाई मोडला गुडघा, मी धरला म्हनून मोडला."

"पण मी..."

"तू, तू, तू." तिनं पिचकारी बादलीत आपटली. औषध तिच्या साडीवर उडालं. "माज्या आयुष्यात मी लय कॅच घेतलं. हिंदुस्थानाच्या नावाचं घेतलं. पर त्यो एक हाय, डोळं मिटलं की दिसतो. त्यो माजा हाय. आन तू इतकी वरसं रडत बसून त्यो तुजा करून टाकलास. तुजी चूक, तुजं पाप. माजा कॅच कुटं गेला त्यात?"

ती माझ्याकडं बघत होती, आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की ती रागावली आहे, आणि ती माझ्यावर रागावलेली आहे, आणि इतक्या वर्षांत मी तिला रागवायलासुद्धा जागा दिली नव्हती.

तिनं बादलीतून पिचकारी भरून घेतली, उजेडाकडं धरून आतला बुडबुडा काढला, आणि गुडघे रुंद करून परत उभी राहिली.

"अजून चौदा राहिल्यात," ती म्हणाली. "धर पुढची."